खालच्या अंगाला

मी गोगलगायी मोजायचो.
तिग्राईच्या डोंगरात, आरोग्य-कचेरीच्या पगारावर.
काम एवढंच: ओढ्याकाठी उकिडवं बसायचं,
तारेचा हातभर चौकोन पाण्यात धरायचा
आणि आत सापडतील तितक्या वहीत मांडायच्या.
जिवंत वेगळ्या, मेलेल्या वेगळ्या.

गोदामाची किल्लीही माझ्याच कमरेला.
वरच्या फळीवर उंदरांसाठी गुलाबी दाणे,
मधल्या फळीवर बियाण्याच्या बुरशीची राखाडी पूड,
आणि खाली, गोणपाटाखाली, मोरचूद.
इतका निळा, की पोरं दाराच्या फटीतून विचारत,
आभाळ कोंडून ठेवता का हो तुम्ही?
मोरचूद सोडला की महिनाभर गोगलगायी नसत.
पुढच्या महिन्यात ट्रक नसे.
गोगलगायी असत.

आणि पोरं असत पाण्यात.
हातापायांच्या काटक्या, पोटाचा डेरा.
माझा धाकटा भाऊ तेक्लेअब स्वतःचं पोट
देवळातल्या ढोलासारखं वाजवून दाखवी,
आम्ही हसत असू.
तोही हसे, मग भिंतीला टेकून बसे.

तिमकतच्या सणाआधी अख्खा गाव पांढरा व्हावा लागतो.
बायका दगडांवर शिब्ती वाटत होत्या,
वाळून काळी पडलेली बारकी फळं.
(गणित शिकवायला समुद्रापलीकडून आलेले मास्तर म्हणाले होते,
आमच्या रिठ्याची ही बहीणच.)
फेस ओढ्यातून उतरत गेला
म्हाताऱ्याच्या दाढीसारखा, झुडपांना अडकत.

दगडांच्या वर मोजल्या: एकेचाळीस, जिवंत.
दगडांच्या खाली: अडतीस.
पुन्हा मोजल्या.
बोटानं एकेक उलटून पाहिली.
अडतीसच्या अडतीस मेलेल्या.

"आज कळलं होय तुला?"
लेतेब्रहान म्हणाली, नेतेला पिळता पिळता.
"खालच्या अंगाला बेडूक ओरडत नाही.
माझ्या आईच्याही आधीपासून नाही."
मग सांगितलं का नाहीस?
"तुझ्या वहीत आमचा रकाना कुठाय?"
तिनं पीळ सोडला, झटकला,
थेंब माझ्या आकड्यांवर उडाले.
"लिहितोच आहेस तर सगळं लिही.
मासेही मरतात.
आणि उपासमारीच्या वर्षी अब्रेहेत हीच फळं उकळून प्यायली,
पाचवं नको म्हणून.
चौघं आईवाचून वाढली.
तेही मांड."

मी मांडलं. पहिलं वाक्य ठळक, मासे बारीक अक्षरात.
अब्रेहेत नाही मांडली.

राजधानीहून माणसं आली,
फळं तोलली, गाळली, बाटलीत भरली,
बाटलीला चिठ्ठी लावली.
कोणी विचारलं, किती पाण्याला किती,
कोणी विचारलं, गाय प्यायली तर?
प्रश्न खोटे नव्हते.
पण शिब्तीजवळ शिक्क्याचा कागद नव्हता,
ती कुंपणावर आपोआप वाढलेली.
तीन वर्षांनी पिवळी पूड आली, दुरून, डब्यात,
शिक्क्यासकट.
तिनंही गोगलगायी मरत. मीच मोजल्या, खोटं का बोलू?

मधल्या तीन वर्षांत
कुंपणावर शिब्ती तीनदा फळली.
तिसऱ्या फळांच्या वेळी तेक्लेअब गेला.
त्याला गुंडाळायची नेतेला
लेतेब्रहाननं धुतली. मला हात लावू दिला नाही.
मी खालच्या अंगाला जाऊन बसलो.
फेस आला, पायाशी घुटमळला, पुढं गेला.

वही घरी होती.
तरी मोजल्या.
बावन्न.