धोंडीरामचा बगीचा

फाउंड्री सुटली की लुनाच्या पायदानावर
रोज एक दगड.
"आणलासा आणि एक धोंडा?" वहिनी दारातून.
धोंडीराम हसायचा. नावातच होता त्याच्या.

शिरोलीच्या रस्तारुंदीतला काळा,
पन्हाळ्याच्या वाटेवरचा तांबडा, भोकाभोकांचा,
पंचगंगेचा चपटा, कुणाच्या तरी धुण्यानं झिजलेला.
एक तर पायावरच पाडून घेतला, म्हणीसारखा.
पंधरा दिवसांचा पगार बुडाला.

फटींतून खोवलं काय काय:
पानफुटी, कोरफड, धायटीचं एक काटूक.
माती मूठभर. पाणी, आठवलं तर.
आम्ही कट्ट्यावरून बघायचो:
गडी दगडं पेरतोय.

आता चैत्र.
जोतिबाला निघालेली सासनकाठी गल्लीत टेकली,
काठीवाला घाम पुसत कुंपणाशी आला
आणि तिथंच राहिला.
कोरफडीच्या दांड्याला केशरी लोंबतं काहीतरी,
पानफुटीच्या फुगीर घंटा, न वाजणाऱ्या,
आणि धायटी,
भट्टीचं तोंड उघडावं
तशी अंगभर ठिणग्या.

"खत काय घालताय?"
धोंडीरामनं बराच वेळ विचार केला.
"काय नाय."

"माझा पाटा कुठं पुरलासा,"
वहिनी आतून,
"ते सांगा की त्यास्नी."