अर्धे तिकीट

मुंग्यांना आधी कळले.
न्हाणीमागे जास्वंदीच्या बुडाशी
काळी रांग लागली, तेव्हा
शेवंती काही बोलली नाही,
बादलीभर पाणी ओतून आली
आणि म्हणाली, उद्या सुट्टी टाका.

डॉक्टर केंकऱ्यांनी विचारले, सकाळी काय खाता?
पेज.
दुपारी?
शीत.
रात्री?
मी शेवंतीकडे पाहिले. ती म्हणाली,
दुपारचे उरलेले शीत.
डॉक्टर हसले नाहीत.
त्यांनी कागदावर एक वाटी काढली
आणि शेजारी लिहिले: सपाट. शीग नको.

तीस वर्षे मी डिचोली–म्हापसा गाडीवर आहे.
मांडीवरचे पोर चारचे की सातचे
हे मी त्याच्या दातांवरून ओळखतो.
अर्धे तिकीट कुणाचे, कुणाचे नाही,
मला कुणी शिकवू नये.
आणि आता चोपन्नाव्या वर्षी
स्वतःच्याच ताटावर
मी अर्ध्या तिकिटात बसतो.

कायतान पदेराचा भोंगा घाटीवर वाजतो.
पूर्वी चार उंडे, पाव मोडला की वाफ.
आता कोंड्याच्या दोन पोयी;
त्यातली दुसरी तिची.
नाचणीची भाकरी तोंडात
पहिल्या गिअरवर चढणीला लागते.
मासळीला बंदी नाही,
बांगडा खुशाल खा म्हणतात,
पण हुमण ओतायचे कशावर?
वाटीभर शिताला ते पुरून उरते,
काठावरून ओघळते,
मी बोटाने पुसून घेतो.
शेवंती तेवढ्यापुरती कोनाड्याकडे बघते.

मे महिन्यात परसातला मानकुराद पिकला.
एक फोड, तिने सांगितले.
बाठा मोजायचा का? मी विचारले.
ती विचार करत राहिली,
मग बाठा तिनेच चोखला,
माझ्याकडे पाठ करून.

शिरगावची जत्रा झाली की
मुळगावची गोकुळाबाय दर वर्षी
कागदात बांधलेले खाजे माझ्या हातावर ठेवते,
आले-गुळाचे, बोटाएवढे.
तिच्या नवऱ्याला एकदा मी
पैसे नसताना अस्नोड्यापर्यंत आणले होते म्हणे.
मला आठवत नाही.
यंदाही तिने दिले.
नको म्हणायला तोंड उघडले आणि
"बरी आहेस मगे?" एवढेच बाहेर पडले.
पुडी तिकिटांच्या पिशवीत टाकली,
खाली, पासांच्या गठ्ठ्याखाली,
आणि चार दिवस तिला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी थिवीच्या अलीकडे
पन्नासच्या नोटेवर मी सत्तर परत दिले.
बाई चांगली, तिने वीस परत केले.
पण मला ते वीस धरता येईनात.
बोटे वाजत होती,
मानेवरून घाम,
आणि दांडा हातात असून दूर.
गोळी घेतली होती,
पेज घ्यायची राहिली होती.

डॉक्टरांच्या कागदाला मागची बाजूही होती.
वाटीपुढे ती कुणी वाचली नव्हती.

ड्रायव्हर फोंडू म्हणाला, थांबवू काय?
मी पिशवीत हात घातला.
पुडीला मुंग्या लागल्या होत्या.
झटकायला सवड नव्हती,
मुंग्यांसकट खाल्ले.
आधी आले लागले, मग गूळ,
मग म्हापशाचे घड्याळ दिसले, मग किती वाजले तेही.

रात्री सगळे सांगितले.
शेवंती ओरडेल वाटले होते.
तिने पिशवी जास्वंदीखाली नेऊन उलटी केली,
नाणी, पंच, मुंग्या,
सगळे अंधारात वेचले.
सकाळी पेज समोर ठेवून
मी शेवटचा घोट घेईपर्यंत उभी राहिली.
पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात
एक डबी होती, औषधाची रिकामी,
झाकण घट्ट लावलेले.
आत खाज्याचे तुकडे.
दोन.
तिसरा मागू नका, ती म्हणाली,
आणि भाकरी थापायला बसली.