दोन दारांची

लातूरच्या शोरूममधला पोरगा म्हणाला, ही कूपेच आहे मॅडम.
मी दारं मोजली. चार.
छताकडं बोट करून म्हणाला, मागून उतार बघा ना.
उतार होता.
गोठ्याच्या पत्र्यालाही असतो.
आत नव्या प्लास्टिकचा वास, पडद्यावर सतरा चित्रं,
आणि हप्ता सात वर्षांचा,
माझ्या निवृत्तीला ओलांडून एक वर्ष पुढं जाणारा.
चहा मात्र चांगला होता.

जुनी उदगिरातच निघाली, नळेगाव रोडला,
क्लासवाल्या बिडवे सरांच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.
अकरा वर्षांची. तांबडी,
बोनेटवर विटलेली, गच्चीवर विसरलेल्या मिरचीसारखी.
दारं दोन. लांब, जड.
एक उघडलं की अर्धी गल्ली अडते.

सव्वीस वर्षं मी दात बघून वय सांगत आले.
टायरच्या नक्षीत नाणं घातलं,
सायलेन्सरपाशी वाकून श्वास ऐकला:
थंड असताना खोकते, तापल्यावर नाही.
मीटर सांगत होतं अडतीस हजार,
क्लचच्या पट्टीची झीज सांगत होती नव्वद.
हंडरगुळीच्या बाजारात
शिंगं साळून वय चोरतात, त्यातलाच प्रकार.
सरांनी रुमालाखाली हात मागितला नाही,
मोबाइलवर आकडा टाइप करून
माझ्यापुढं धरला.

भाऊ म्हणाला, मागं कोण बसणार ताई?
म्हटलं, कुणाला बसवायचंय?
मग तो पंख्याकडं बघत राहिला.
मैनोद्दीन, माझा कंपाउंडर, वेगळंच बोलला,
"नायट्रोजनचा डबा बसतंय का ते बघा आदी."
डिकीत बसला. उभा, गमबुटांसकट,
दोरखंडाला कोपरा उरला.

एक दिवस चालवून बघते, असं म्हणून आणली
आणि त्याच दिवशी देवर्जनहून फोन.
गयाबाई सोनकांबळेची शेळी,
काळी उस्मानाबादी, कानांवर पांढरे शिंतोडे,
पहाटेपासून अडलेली.
तिथं कापायला उजेड नव्हता.
खटका ओढून पुढची सीट पाडली,
शेळी मागं, शेळीला धरून गयाबाई,
गुडघे हनुवटीला.
मैनोद्दीन पुढं, बादली मांडीवर.

गावच्या गतिरोधकाला पोट घासलं
तेव्हा गाडी आणि शेळी एकदमच कण्हल्या.
पण पुढं रस्ता मोकळा झाला,
उसाच्या दोन ट्रॉल्या, लागोपाठच्या,
मी दुसऱ्या गिअरात एका दमात मागं टाकल्या
आणि हसू आलं.
कळा देणारं जनावर मागं असताना हसू नये.
आलं.
आरशात गयाबाई माझ्याकडंच बघत होती.
दवाखान्यात पोचल्यावर म्हणाली,
"गाडी लई चांगली हाय बाई,
निघायचं कसं तेवढं सांगा."

दोन पिल्लं. एक राहिलं.

सरांना फोन केला, मागच्या सीटला डाग पडलाय.
बराच वेळ त्यांच्या क्लासचा गलका ऐकू येत राहिला.
मग म्हणाले, आता ठेवूनच घ्या.
आणि ते पाच हजार कमी करणार होतो ना,
ते काही जमणार नाही.

रात्री दारापुढं लावली.
मागच्या काचेवर आतून नाकाचा ओला ठसा,
पुसायला वाकावं लागलं असतं, राहू दिला.
भाऊ बाहेर आला, दोन फेऱ्या मारल्या,
टायरला हळूच लाथ घातली,
दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, पुन्हा उघडलं.
शेवटी विचारलंच,
ॲव्हरेज किती देते?
म्हटलं, मोजलं नाही अजून.