वाटीभर वर्ष

मुदानच्यांगला आज पावणेचारलाच अंधारलं.
काचेवर आतून बर्फाची नक्षी चढलीय,
तिच्यात रुईनिंगने बोटाने एक भोक पाडलंय,
बाबांची गाडी दिसावी म्हणून.
गाडी उद्याची आहे. तरी ती भोक राखत बसलीय,
थोड्या थोड्या वेळाने फुंकर घालत.

सासरे ओट्याशी. आजच्या दिवशी पीठ त्यांनीच मळायचं.
आंबवलेला कोबी पिळून खिम्यात,
आलं, कांद्याची पात, तिळाच्या तेलाची धार,
आणि "मीठ पुरे" हे दोनदा, मी मिठाला हात न लावताही.
चाळीस वर्षं रुळांचे सांधे बदलले त्यांनी.
पारीही तशीच लाटतात, नजर न उचलता:
मध्ये जाड, कडेला पातळ.

त्यांच्या डाव्या कानाची वरची पाळी नाही.
"त्या वर्षी दोंगझीला जिआओझी खायचे राहिले," ते सांगतात,
"गाडी चार तास उशिरा, मी सांध्यापाशी उभा.
घरी येऊन टोपी काढली, कान टोपीतच राहिला."
टोपी कुठाय, रुईनिंग विचारते.
मागच्या वर्षी ती लांडग्याने नेली होती.
यंदा स्टेशनमास्तरने.
मग ती एक कच्चा जिआओझी आपल्या कानाला लावून बघते
आणि सांगते, थंड आहे, पण माप बरोबर आहे.

मला मुरड घालायला सासूबाईंनी शिकवलं.
बोटांनी नव्हे गं, अंगठ्याच्या पोटाने.
मुरड जमली.
माघारी मुरडणं मात्र नऊ वर्षांत दोनदाच.
आमच्या चाओचौला या दिवसांत दारं उघडी असतात,
आई तांदळाच्या चिकट पिठाचे गोळे वळते, पांढरे आणि गुलाबी,
गुळाच्या पाण्यात आल्याचा ठेचा,
आणि पहिले गोळे माणसांना नाहीत:
एक दाराच्या चौकटीला, एक तांदळाच्या रांजणाला,
एक वडलांच्या होडीच्या नाळेवर.
ज्यांनी वर्षभर धरून ठेवलं, त्यांना.

हे मी रुईनिंगला सांगत होते, गोळे वळता वळता.
सासऱ्यांनी नाक मुरडलं. "गोड पाण्यात कणीक!
आणि खाल्ली की वय एकाने वाढतं म्हणे?
ऐंशी झाली. मला नको. मुलीला दे, तिला उंची हवीय."
वाटी त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवली.
जिआओझी मात्र बावीस खाल्ले, व्हिनेगरमध्ये बुडवून,
हाडाच्या वैद्यासारखे गंभीर.

जेवणानंतर रुईनिंगने शाळेतला कागद पसरला:
एक फांदी, नऊ फुलं, फुलाला नऊ पाकळ्या,
आजपासून रोज एक रंगवायची,
शेवटची रंगली की वसंत.
"इथे एक्याऐंशीनंतरही नदी वितळत नाही," सासरे म्हणाले,
"हे चित्र कुणीतरी उबेत बसून काढलंय."
तरी लाल पेन्सिलीला टोक त्यांनीच काढून दिलं.
पहिली पाकळी रेषेबाहेर गेली.

रात्री तीनला मी पाण्यासाठी उठले.
पातेल्यातले गोळे मी मोजून ठेवले होते.
एक कमी.
पिठावरचं ओलं फडकंही कुणी उचललेलं.
दाराची चौकट पाहिली, तांदळाचा डबा पाहिला,
कुठे काही नाही.

मग दिसलं. दारामागे,
जिथे मागच्या फेब्रुवारीपर्यंत सासूबाईंचा निळा कोट असायचा,
त्या रिकाम्या खुंटीवर
एक गुलाबी गोळा, कच्चाच,
घट्ट दाबून बसवलेला.
म्हणजे त्या अर्ध्या कानाने सगळं ऐकलं होतं.
मी वाकून पाहिलं:
गोळा नीट गोल नव्हता.
एका कडेला, अंगठ्याच्या पोटाने,
सवयीने असेल,
मुरड घातलेली.

काचेवरचं भोक तोवर पुन्हा गोठलं होतं.
मी फुंकर घातली.