वार पिवळा

माझं नाव निएवेस. म्हणजे हिमवर्षाव.
एसिखात यावरचे सगळे विनोद करून झालेत,
नवा सुचला तर सांगा, आईस्क्रीम माझ्याकडून.

या गावाला आख्खा प्रांत तवा म्हणतो.
जुलैत दुपारी तीनला चौकात उभं राहिलं
की कळतं, भाकरी आपणच,
फक्त उलटणारं कुणी नाही.

नगरपालिकेनं मला उन्हाळ्यापुरतं ठेवलंय.
एक पिवळी टोपी, एक यादी,
सतरा नावं, सगळी एकटी राहणारी,
त्यातली सगळ्यात धाकटी एकोणऐंशीची.
दार वाजवायचं, विचारायचं:
पाणी प्यायलात? किती? बाटली दाखवा.
खिडक्यांच्या झडपा सकाळीच लावल्यात ना?
आज वार कुठला?
(वार चुकला तर थांबायचं.
दोनदा चुकला तर फोन करायचा.)

एउलोखिओ दार बोटभर उघडतो.
भर जूनमध्ये गहू कापलाय मी, तुझी आई रांगत होती तेव्हा,
आणि तू मला ऊन शिकवतेस?
पंखा त्यानं पोत्यात बांधून ठेवलाय.
गरम हवा अंगावर घ्यायला विजेचं बिल कशाला?
तेवढ्यापुरतं त्याचं खरं आहे,
चाळिशीच्या पुढे पंखा नुसता भट्टीचा भाता.
मग मी त्याला सदरा भिजवून घालायला सांगते.
तो आधी शिव्या घालतो,
मग सदरा.

एन्कार्ना उशीचा अभ्रा फ्रिजमध्ये ठेवते,
लोण्याच्या शेजारी, घडी घालून.
हे माहितीपत्रकात नाही.

बुधवारी, बाराव्या दाराशी,
पाणी प्यायलात का, एवढं म्हणायला गेले
तर शब्द टाळूला चिकटला.
दोन दारांआधीच घाम आटला होता,
मला वाटलं, बरं झालं, सदरा वाळला.
प्राक्सेदेसनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.
आज वार कुठला गं, तिनंच विचारलं.
मी म्हटलं,
पिवळा.

एक्याण्णव वर्षांची बाई, वजन केरसुणीएवढं,
तिनं मला कॉलर धरून आत ओढलं,
ओसरीच्या फरशीवर आडवं केलं, पाय स्टुलावर,
अंगावर बादली, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी,
वर प्रेतयात्रेला नेतात तो काळा हातपंखा,
कडकड कडकड, न थांबता.
फोन खांद्यात धरून ती पत्ता सांगत होती,
दोनदा, गल्लीच्या तोंडाशी पाटी पडलीय हेही.
मी पाणी मागितलं.
माझं नाव सांग, मग पाणी.
प्राक्सेदेस, म्हटलं, जरा वेळानं.
मग घोट दिला, चिमणीच्या चोचीएवढा,
मग आणखी एक.
छताला एक भेग होती, शेवटाला दुभंगलेली.
ती मला अजून तोंडपाठ आहे.

दवाखान्यात विचारलं, सकाळपासून काय प्यायलात?
दोन कॉफी.
बाटली पाठीवरच्या पिशवीत होती,
काठोकाठ भरलेली,
सतरा जणांना दाखवायची.

आता रोज साडेअकराला माझा फोन वाजतो.
वार?
शुक्रवार.
बाटली?
अर्धी झाली.
अर्धी प्यायलीस की अर्धी सांडलीस?
टोपीखाली ओला रुमाल? सावलीची बाजू धरलीस?
उरलेली दारं सहानंतर कर, पालिकेला मी सांगते.
तिनं खरंच सांगितलं. काय सांगितलं कोण जाणे,
साहेब अजून माझ्याशी अदबीनं बोलतात.

रात्री बाराला गल्लीत खुर्च्या निघतात.
भिंती अजून दिवसभरचं ऊन परत करत असतात,
टेकू देत नाहीत.
कुणी कलिंगड कापतं, कुणी झोपलेलं पोर
या मांडीवरून त्या मांडीवर देतं.
एउलोखिओ सगळ्यांत शेवटी येतो,
सदऱ्यातून पाणी टिपटिपतंय.
घाम आहे, म्हणतो, माझ्याकडे न बघता.
असू दे.
कोरडा आला असता
तर मी वार विचारला असता.