नियम क्रमांक २१४

शंकरशेठ रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
बँकेच्या एकसष्ट शाखा माझ्यासमोर एका भिंतीवर असतात.
सासवड, नीरा, ओतूर, घोडेगाव, पौड.
प्रत्येकीच्या दारात एक फायरवॉल,
प्रत्येक फायरवॉलचा एक हिरवा ठिपका.
पूर्वी कुठलं दार अडलं की खांबेटे एसटीने जायचे,
पिशवीत लॅपटॉप, निळी केबल आणि डबा.
आता इथून एक बटण दाबलं
की एकसष्ट दारं एकदम शहाणी होतात.
किंवा एकदम मूर्ख.

नियम वरून खाली वाचायचे.
कोण, कुठून, कुठे, कशासाठी.
सगळ्यात खालचा आमच्या पेठेतल्या पाटीसारखा:
वरच्या यादीत नाव नसल्यास बेल वाजवू नये.

रात्रपाळीत फार काही घडत नाही.
कुठल्याशा देशातून कुणीतरी
नीरा शाखेची कडी हलवून बघतं,
सेकंदाला चाळीस वेळा, न कंटाळता,
आणि भिंतीवर ओळ उमटते. नाकारले.
नाकारले. नाकारले.
मी चहा घेते.
दोनला पौडचा ठिपका लाल होतो. वीज गेली असणार.
बॅटरी संपायच्या आत येते परत.

ऑगस्टात ऑडिट झालं. सबनीसांनी विचारलं,
हा दोनशे चौदा काय आहे?
वेल्हे शाखेतलं एक जुनं यंत्र, बाहेरचा एक पत्ता,
शेऱ्यात एकच शब्द, तात्पुरता,
आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.
नऊ वर्षं तात्पुरता? सबनीस हसले.
नव्वद दिवसांतला वापर शून्य.
खांबेटे निवृत्त, त्यांचा नंबर बंद.
मी ओळ निवडली, पुसली,
एकसष्ट दारांना कळवलं.
भिंत हिरवीच राहिली.
अहवालात लिहिलं, एक भोक बुजवलं.
थोडी ऐटही वाटली, खोटं कशाला बोला.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला पाळी संपली तरी मी खुर्चीतच होते,
बदली माणूस सोलापूर रस्त्यावर अडकलेला,
तेव्हा वेल्ह्याहून रेणुसेंचा फोन.
मॅडम, अंगठ्याचं मशीन नाही म्हणतंय.
कसलं मशीन?
हयातीच्या दाखल्याचं. पेन्शनवाले पायरीवर बसलेत,
केळदहून पहिल्या गाडीने आलेत.
मागून एका बाईचा आवाज, फोनच्या अगदी जवळ:
अगं, मी जिवंत हाय म्हणून सांग की त्याला!

भिंतीकडे बघितलं.
वेल्हे. नाकारले. दहा वाजून बारा.
नाकारले. नाकारले.
त्याच अक्षरात, त्याच रांगेत,
नीरेची कडी हलवणाऱ्याच्या ओळींच्या मधोमध.
कोण चोर आणि कोण कोंडाबाई दारवटकर,
भिंतीला फरक दिसत नाही.
मला तरी कुठे दिसला होता.

मग जुने आकडे काढले. आधी काढायचे होते.
वापर फक्त नोव्हेंबरात.
पहिल्या वर्षी सदतीस.
मग चौतीस, मग तेहतीस.
मधल्या एका वर्षी एकदम बावीस,
ते वर्ष कुठलं हे मी मोजून बघितलं नाही.
गेल्या वर्षी एकोणीस.

नियम परत घातला, त्याच क्रमांकावर.
बाकीच्या साठ दारांना तो लागत नव्हताच, त्यांना वगळलं.
रेणुसे म्हणाले, चाललं!
आणि एकेक अंगठा डोंगरावरून बाहेर निघाला.
परवानगी. परवानगी.
मी मोजत बसले. अठरा.
एक वाजता पुन्हा बघितलं. अठरा.

शेऱ्यात साठ अक्षरं मावतात.
खांबेट्यांचा शब्द खोडला नाही.
तात्पुरता. बरोबरच लिहिलं होतं त्यांनी.
पुढे मी जोडलं, नोव्हेंबरात बघणे.

वेल्ह्याच्या ठिपक्याखाली तो आकडा आता
भिंतीवर कायम लावून ठेवलाय.
कुणी विचारलं तर सांगते, चाचणी चालू आहे.
रात्री नीरेची कडी वाजते, मी चहा घेते,
आणि तिकडे बघते.
महिना संपायला अजून सात दिवस आहेत.