तिसरी रांग

महिन्याला एकसष्ट पौंड.
आणि मी बघत होतो काय, तर हवामान,
मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यती,
शनिवारी रग्बी असली तर रग्बी.
बाकीचे तीनशे चॅनल मेरेरिडचे.
म्हणजे तीही बघायची नाही फारसे,
ते आहेत, एवढं तिला पुरायचं,
कपाटातल्या जादा कपबशांसारखं.

फोन केला. सव्वीस मिनिटं व्हायोलिन वाजलं,
मग एक मुलगी आली.
म्हणाली, एकोणीस वर्षांचे तुम्ही ग्राहक, इडवल,
सहा महिने अर्ध्या किमतीत देऊ का?
मी म्हटलं, बाळ, अर्ध्यातही बघणारा मी एकटाच.
ती थांबली.
तिच्या पडद्यावर या कारणाला चौकट नसावी.
"महाग वाटतं" यावर खूण करू? म्हणाली.
कर.

आमचं गाव डोंगराच्या बगलेत.
निम्मा डोंगर आमच्या आज्या-पणज्यांनी फोडून
पाट्या करून दूरच्या शहरांच्या छपरांवर पाठवला,
उरलेला निम्मा
टॉवर अडवायला अजून पुरेसा आहे.
छतावरचा अँटेना इथे आंधळा. तबकडीच लागते.

पोर्थमाडॉगच्या दुकानात मॅक्सेन म्हणाला,
नवी कशाला? तीच तबकडी चालेल,
आकाशातली जागाही तीच.
फुकटचे चॅनल पहिल्यापासून
तुमच्या भिंतीवर येऊन पडतच होते.

एकोणीस वर्षं!
विहिरीच्या काठावर बसून
पाणी विकत घेत होतो मी.

त्याने काउंटरवर दोन डबे मांडले.
एक स्वस्त: दाखवतो आणि विसरतो.
दुसरा दुपटीचा, दोन वायरींचा,
पाचशे तास पोटात ठेवतो.
रेकॉर्डिंग हवं का? त्याने विचारलं,
पिशवी हवी का विचारावं तसं.

आता हे त्याला कसं सांगणार,
की जुन्या डब्यात एक ऑगस्ट आहे.
गायनाच्या मेळ्यात आमच्या खोऱ्याचा वृंद,
तिसरी रांग, डावीकडून पाचवी.
कॅमेरा सरकत येतो, तिच्यावर चार सेकंद रेंगाळतो,
पुढे जातो.
"जाड दिसते मी," म्हणायची, "पण पुसू नकोस."

मी पुसलं नाही.
वर्गणी संपली त्या रात्री यादी उघडली,
नाव दिसलं, तारीख दिसली,
बटण दाबलं तर डबा म्हणाला,
हा कार्यक्रम तुमच्या योजनेत नाही.

त्या मुलीला सगळं विचारलं होतं मी.
शेवटचं बिल किती, कार्ड परत पाठवायचं का.
हे नाही विचारलं.

हिशेब मला जमतो, खाणीत वजनकाट्यावर होतो.
चार सेकंदांना महिन्याला एकसष्ट,
म्हणजे सव्वापंधरा पौंड सेकंदाला.
फोन दोनदा उचलला.
दोनदा ठेवला.
तिनेच झापलं असतं.

ह्याच्यात ठेवलेलं, मी मॅक्सेनला विचारलं,
पुढे कधी कुणी कुलूप नाही ना लावत?
तो हसला. डिस्क जाईपर्यंत तुमचंच.
डिस्क कधी जाते?
ते मात्र, म्हणाला, कोण सांगणार.
हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. दुपटीचा घेतला.

टेगवेनच्या नातवाने वायरी खोचल्या,
तबकडीमागचं चिमणीचं घरटं न हलवता.
आधी निळा पडदा, मग हवामान:
डोंगरात धुकं, दुपारनंतरही धुकं.
फुकट ते पौष्टिक म्हणतात. असेल.

ऑगस्टच्या मेळ्यावर लाल ठिपका लावून ठेवलाय.
पाचव्या जागी आता पोस्टातली नेरिस उभी असते,
आवाज बरा आहे तिचा.

जुना डबा फेकलेला नाही.
नवा त्याच्यावरच ठेवलाय, फळीवर जागा कुठे आहे?
रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालला
की खालचा हात लावून बघतो.
कोमट असतो.